पदवी आणि चरितार्थ

घरातील मुलगा किंवा मुलगी पदवीपरीक्षा उत्तीर्ण झाली, की त्या दिवशी देवापुढे पेढे ठेवले जातात, शेजाऱ्यांचे तोंड गोड केले जाते, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे होते. हा सोहळा आटोपून चार दिवस लोटतात न लोटतात तोच प्रश्न येतो, ‘आता पुढे काय?’ प्रश्न विचारणारा सहसा परका नसतो, आणि त्याच्या मनात कपटही नसते. तरीही त्या तीन शब्दांनी पदवीधराची मान खाली जाते. नवल एवढेच, की हा प्रश्न आजवर पदवी घेणारालाच विचारला गेला. ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याला तो फारच क्वचित विचारला गेला. वस्तुतः या प्रश्नाचे अर्धे उत्तर देण्याची जबाबदारी विद्यापीठाकडे जाते. ही जबाबदारी महाराष्ट्रातील विद्यापीठांनी कोठे ओळखली, कोठे पार पाडली आणि कोठे टाळली, याचा हिशेब मांडून पाहणे अगत्याचे आहे.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला. त्याचे बीज सर चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या खलित्यात होते. या खलित्याने हिंदुस्थानात लंडनच्या धर्तीवर विद्यापीठे काढावीत असे सुचविले, आणि शिकलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम द्यावा असेही म्हटले. त्यात आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिलेली होती. पाश्चात्त्य विद्येच्या प्रसाराने या देशाची साधनसंपत्ती वाढेल, इंग्लंडच्या कारखान्यांना लागणाऱ्या वस्तूंचा पुरवठा होईल आणि तेथील मालाला येथे गिऱ्हाईक मिळेल, अशी ती अपेक्षा होती. म्हणजे विद्यापीठाचा आणि आर्थिक उत्कर्षाचा संबंध काही नव्याने लावलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून आहे. मात्र तो उत्कर्ष कोणाचा, हा प्रश्न तेव्हा येथील माणसाने विचारायचा नव्हता.

१८६२ साली या विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे होत. त्यांच्या चरितार्थाकडे पाहिले म्हणजे पुढील शतकाचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. रानडे न्यायखात्यात गेले आणि १८९३ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक झाले. वागळे वकिलीकडे वळले. मोडक शिक्षणखात्यात राहून एल्फिन्स्टन हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. कचेरी, कोर्ट आणि शाळा हे तीन दरवाजे तेव्हा पदवीधरासाठी उघडे होते, आणि आत येणारे थोडे असल्यामुळे ते पुरतही होते. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हेही प्रथम सरकारी बांधकामखात्यातच रुजू झाले. पदवी म्हणजे चाकरीचा परवाना, ही समजूत येथे पक्की झाली.

ही समजूत देशाला पुरणार नाही हे प्रथम ओळखणाऱ्यांत त्या चौघांपैकीच एक, रानडे, होते. पोटापाण्याची चिंता मिटलेल्या या गृहस्थाने आपल्या मागून येणाऱ्यांची चिंता वाहिली. १८९० साली पुण्यास भरलेल्या औद्योगिक परिषदेत आणि १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी हाच विषय घेतला. सारा समाज शेतीवर आणि मूठभर सुशिक्षित सरकारी पगारावर जगत असतील, तर विद्या कितीही वाढली तरी दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. त्याआधी १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली होती; परंतु विद्यापीठ स्वतः अद्याप परीक्षा घेणारे व पदव्या वाटणारे मंडळच होते. कारखाना आणि अभ्यासक्रम यांची दारे एकमेकांसमोर असूनही त्यांची ओळख नव्हती.

ती ओळख घडून आली कापडाच्या रंगामुळे. मुंबईची गिरण्यांवर उपजीविका होती. सूत येथे निघे, कापड येथे विणले जाई. पण त्याला चढविण्याचे कृत्रिम रंग मुख्यतः जर्मनीहून येत. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि ही आवक थांबली. ज्या शहराच्या गिरण्यांची कापडाबद्दल ख्याती होती, त्या शहराला रंगासाठी शत्रुराष्ट्राकडे तोंड करावे लागत होते, हे तेव्हा उघड झाले. विद्यापीठात पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकविले जात होते. पण रंग कसा करावा, तो कापडावर टिकावा कसा, आणि हे काम हजारो शेरांच्या प्रमाणावर कसे चालवावे, हे शिकविणारी जागा नव्हती.

१ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. प्रारंभीचे विषय दोनच होते, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. लीड्सहून आलेले प्रा. फॉर्स्टर हे त्याचे पहिले प्रमुख. १९३८ मध्ये ती धुरा डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्याकडे आली आणि १९५७ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथमालेला जगभर मान मिळाला. १९४३ मध्ये हा विभाग माटुंग्यास स्वतःच्या वास्तूत गेला. तेथून लालबाग-परळच्या गिरण्यांची धुराडी काही दूर नव्हती, आणि हे सान्निध्य केवळ भूगोलाचे राहिले नाही. गिरणीतील अडचण प्रयोगशाळेत येऊ लागली, अध्यापक कारखान्यांना सल्ला देऊ लागले, आणि विद्यार्थ्याला कळू लागले की काचेच्या चंबूत साधलेली क्रिया मोठ्या भांड्यात साधेलच असे नाही. रंगांपाठोपाठ औषधे, तेले, रोगणे, प्लॅस्टिक, खाद्यपदार्थ असे विषय वाढत गेले.

या विभागाच्या विद्यार्थ्यांनी पुढे काय केले, हे पाहण्याजोगे आहे. आंध्रातील हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अंजी रेड्डी येथे औषधरसायन शिकला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन करून डॉक्टरेट मिळविता झाला, आणि १९८४ साली त्याने स्वतःचा औषधांचा कारखाना काढला. केकी घरडा यांचे रसायनांचे कारखाने डोंबिवलीस आणि कोकणात लोटे परशुराम येथे उभे राहिले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत अत्यंत हलाखीत वाढलेले रघुनाथ माशेलकर शिष्यवृत्तीच्या आधारावर १९६६ साली येथून पदवीधर झाले. प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले, आणि पुढे देशातील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची सूत्रे त्यांच्या हाती आली. २००८ साली या विभागाला स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या साऱ्या यशाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. माटुंग्याने आपल्या विद्यार्थ्यांना नुसत्या रिकाम्या जागा शोधून दिल्या असत्या, तर एकाला मिळालेली जागा दुसऱ्याच्या हातून गेलेली असती. देशाच्या एकंदर कामात त्याने भर पडली नसती. तेथे जे ज्ञान तयार झाले त्याने नवे धंदे निघाले, आणि त्या धंद्यांत स्वतः पदवीधरांना, शिवाय यंत्रचालकांना, हिशेबनीसांना, वाहनचालकांना, हमालांना काम मिळाले. विद्यापीठ आर्थिक उत्कर्षाला हातभार लावते तो या वाटेने. तथापि ही वाट खर्चाची आहे. तिला प्रयोगशाळा लागतात, थोडे विद्यार्थी आणि पुष्कळ अध्यापक लागतात, आणि फळासाठी दहा-वीस वर्षे थांबण्याचा धीर लागतो. ज्या महाविद्यालयांत एका वर्गात शंभरांहून अधिक मुले बसतात आणि ग्रंथालयाला कुलूप असते, त्यांनी फलकावर ‘उद्योजकता’ हा शब्द रंगविला म्हणून माटुंगा निर्माण होत नाही.

शिवाय उद्योग वाढला म्हणजे काम करणाऱ्याचे आपोआप बरे होते, असेही नाही. माटुंग्याच्या शेजारच्याच गिरणगावाने हे दाखवून दिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि जमिनीला आलेली किंमत मालकांना मिळत असता कामगार मात्र उघड्यावर पडला. रंग पक्का करण्याची विद्या ज्या शहरात होती, त्या शहरात रोजगार पक्का करण्याची विद्या कोठे होती?

तीही होती, आणि मुंबईतच होती. भायखळ्याजवळ नागपाड्यास, मजुरांच्या दाट वस्तीत, १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. त्याचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे होते. पुढे ते टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले, १९५४ मध्ये देवनारला गेले आणि १९६४ मध्ये त्याला विद्यापीठतुल्य दर्जा मिळाला. येथील विद्यार्थ्याला पुस्तकाबरोबर चाळीचा जिना चढावा लागे. आठ बाय दहाच्या खोलीत किती माणसे पाळीपाळीने झोपतात, पगाराच्या दिवशी दारात पठाण का उभा असतो, बाळंतपणानंतर गिरणीतली बाई कितव्या दिवशी कामावर जाते, हे त्याच्या अभ्यासाचे विषय होते.

या शिक्षणाला पुढे कायद्याची जोड मिळाली. हिंदी मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात कारखान्यांत मजूर-अधिकारी नेमण्याची शिफारस केली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण-अधिकारी नेमणे सक्तीचे केले, आणि त्या जागांसाठी लागणारी शिकलेली माणसे अशा संस्थांतून मिळू लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने ही मर्यादा २५० कामगारांवर आणली आहे. म्हणजे न्याय्य कामाची काळजी वाहणे हाच एक नवा पेशा विद्यापीठीय शिक्षणातून जन्माला आला. या अधिकाऱ्याची स्थिती मात्र अवघड असते. त्याचा पगार मालक देतो आणि त्याने गाऱ्हाणी कामगारांची ऐकायची असतात. अशा जागी टिकून राहावयाचे तर कायद्याचे ज्ञान पुरत नाही, अंगी कणा लागतो. आणि तो कणा परीक्षेच्या गुणपत्रिकेत दिसत नाही.

काम आणि शिक्षण यांचा तिसरा संबंध मुंबईबाहेर, सातारच्या माळावर जुळला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि सातारच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसविली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचा नामकरणविधी झाला. १९४७ मध्ये सातारला संस्थेचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. सकाळी शेतात किंवा बांधकामावर घाम गाळावयाचा आणि मग वर्गात बसावयाचे, असा तेथील क्रम होता. ज्याच्या बापाला फी भरता येत नव्हती त्याला दानाऐवजी काम मिळाले, आणि म्हणून उपकाराचे ओझेही वाटले नाही. पुढे महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी याच नावाच्या योजना चालविल्या. ग्रंथालयात पुस्तके लावणारा, बागेला पाणी घालणारा, कार्यालयात नोंदी करणारा विद्यार्थी तासावर मेहनताना मिळवू लागला.

सातारच्या या प्रयोगाचे मोल पैशांत मोजून चालणार नाही. पांढरपेशा घरांत हाताचे काम हलके समजले जाते, आणि बेकारीचे एक मूळ त्या समजुतीतही आहे. परंतु याच योजनेचा विपर्यास कसा होऊ शकतो हेही पाहिले पाहिजे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आता विद्यार्थी उमेदवारीसाठी कचेऱ्यांत आणि कारखान्यांत पाठविले जातात. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले. पण या कायद्याच्या कक्षेबाहेर ‘अनुभव’ या गोंडस नावाखाली मुलांना महिनोन्महिने फुकट राबविणारे महाभाग थोडे नाहीत. मुंबईत भाड्याने खोली घेऊन विनावेतन अनुभव मिळविणे हे ज्याच्या वडिलांना परवडते त्यालाच शक्य होते. खेड्यातून आलेली हुशार मुलगी अशा वेळी मागे पडते, आणि तिच्या मागे पडण्याला पुढे ‘कौशल्याचा अभाव’ असे नाव मिळते. विद्यार्थ्याला कोठे पाठवावे, हे ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाच्या हाती आहे. फुकट राबविणाऱ्याच्या दारी विद्यार्थी पाठवावयाचा नाही, एवढा एक नियम त्याने कसोशीने पाळला तरी न्याय्य कामाचा पहिला धडा वर्गाबाहेर शिकविला जाईल.

आता वर्तमानाकडे वळावे. सरकारी श्रमबल पाहणीनुसार जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षात देशातील १५ वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. पदवीधरांत ते १३.४ टक्के होते. शिकल्याने काम दुरावते, असा याचा सरळ अर्थ कोणी घेऊ नये. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर तो पत्करतो, आणि पाहणीच्या कागदावर त्याची नोंद ‘कामावर’ अशी होते. पदवीधर थांबतो, कारण कोणीतरी त्याला पोसत असते आणि त्याच्या मनात एका विशिष्ट खुर्चीचे चित्र असते.

हे थांबणे पुण्याच्या पेठांत प्रत्यक्ष दिसते. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत पहाटेपासून रात्रीपर्यंत सोलापूर, बीड, नांदेड, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून आलेली तरुण मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची पुस्तके उघडून बसलेली असतात. गावाकडून आलेल्या पैशांत खोलीचे भाडे, खानावळ आणि अभ्यासिकेची फी भागवायची असते. जागा शेकड्यांनी मोजल्या जातात, उमेदवार लाखांनी. कोणाची चार वर्षे जातात, कोणाची आठ. १८६२ साली चार पदवीधरांना जो दरवाजा पुरला, त्याच दरवाजापुढे आजही रांग आहे. रांग मात्र इतकी लांबली आहे की शेवटच्या माणसाला दरवाजा दिसतही नाही. त्या मुलांना आळशी म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होय. खाजगी नोकरीत पगार अपुरा, कामाच्या वेळेला धरबंध नाही आणि उद्याची शाश्वती नाही. म्हणूनच ती सरकारी खुर्चीकडे डोळे लावून बसतात. कामात न्याय असता तर ही रांग निम्म्याने कमी झाली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

येथे विद्यापीठाने स्वतःच्या घरात डोकावून पाहावयास हवे. आज महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत शिकविण्याचे काम ‘तासिका तत्त्वावर’ नेमलेल्या अध्यापकांकडून करून घेतले जाते. तो नेट किंवा सेट उत्तीर्ण असतो, पुष्कळदा डॉक्टरेटही त्याच्या पदरी असते. त्याला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. सुट्टीचे, आजारपणाचे, उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वीच्या रिकाम्या महिन्यांचे मिळत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत कंत्राटी नेमणुका एकंदर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि कंत्राटी अध्यापकाचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे, असे म्हटले होते. २०१९ साली आयोगाने अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला फार तर ५०,००० रुपये असा दरही सांगितला. कागद आणि पगारपत्रक यांच्यातील अंतर मात्र राहिलेच.

असा अध्यापक सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या गावी तास घेतो. अर्थशास्त्राच्या वर्गात तो किमान वेतनाचा सिद्धांत समजावून सांगतो, आणि समोरच्या बाकावरचा विद्यार्थी त्याच्या फाटक्या पिशवीकडे पाहत असतो. त्या विद्यार्थ्याने शिक्षणावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? आपल्या उत्तम विद्यार्थ्याला जी संस्था स्वतःच्या दारात रोजंदारीवर उभा करते, तिने दुसऱ्या मालकांना चार शब्द सांगण्याचा अधिकार निम्मा गमावलेला असतो.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते परदेशातून आणावे लागतील असेही नाही. माटुंग्याने दाखविले की ज्या भूमीत विद्यापीठ उभे आहे तेथील उद्योगाची खरी अडचण हाती घेतली म्हणजे नवे काम निर्माण होते. नाशिकला द्राक्षे आहेत, इचलकरंजीला माग आहेत, रत्नागिरीला मासळी आणि आंबा आहे; तेथील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत यांतील किती प्रश्न पोहोचले, हे विचारता येईल. नागपाड्याने दाखविले की कामगाराचे जीवन हा अभ्यासाचा विषय आहे. तो केवळ समाजकार्याच्या विद्यार्थ्यापुरता न ठेवता भावी अभियंत्याला आणि भावी व्यवस्थापकालाही शिकविता येईल. उद्या माणसे कामावर ठेवणार तेच आहेत. सातारने दाखविले की घामाची आणि पुस्तकाची सोयरीक होऊ शकते, मात्र घामाचे दाम चुकते केले पाहिजेत.

सुशिक्षित कुटुंबांनाही यात काही करण्यासारखे आहे. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत मोठ्या पगाराची दोन-चार नावे ठळक छापलेली असतात. त्या पानावर बोट ठेवून आईवडिलांनी विचारावे, की वर्गातल्या उरलेल्या मुलांचे काय झाले? उमेदवारीच्या काळात विद्यार्थ्याला वेतन मिळते काय? आणि येथे शिकविणाऱ्यांपैकी किती जण कायम आहेत, किती तासावर? हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्या संस्थेला घर आपले मूल तीन-चार वर्षे सोपविते, तिचा हिशेब पाहण्याचा त्या घराला अधिकार आहे, आणि चांगल्या संस्थेला त्याचे वाईट वाटणार नाही.

मग निकालाच्या दिवशी पेढे पुन्हा वाटले जातील, आणि शेजारी पुन्हा विचारतीलच, ‘आता पुढे काय?’ त्या वेळी पदवीधराला एकट्याने उत्तर देण्याची पाळी येऊ नये. त्याच्या हाती काही विद्या असावी, समोर काही काम असावे, त्या कामाचे योग्य दाम मिळेल असा भरवसा असावा, आणि ज्या विद्यापीठाने त्याच्या नावापुढे दोन अक्षरे जोडली ते त्याच्या पाठीशी उभे असावे.